दोन मीटर जाडीच्या भिंतीत ४ मिमीची फट : इतकी काळजी कशासाठी?

उभा_छेद

नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीचा, नुकताच एका संशोधन अणुभट्टीच्या आरेखन गटात लागलो आहे. पहिलंच स्वतंत्र काम मिळालंय ते एका आडव्या प्लगचं. गाभ्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंतीतून २ मीटर लांबीचं गोल भोक आरपार जातं. भट्टी चालू असताना ते बंद ठेवायचं, त्यासाठी पोलादी कवचात काँक्रीट भरलेला प्लग. भोकाचा व्यास ३०० मिमी, प्लगचा २९२. म्हणजे चहूबाजूंनी ४ मिमी मोकळी जागा, आत-बाहेर सरकवायला लागते तेवढीच.

मी सरळ दंडगोल काढून दिला. आरेखन परत आलं, त्यावर एकच ओळ : ‘पायऱ्या कुठे आहेत? न्यूट्रॉन फटीतून बाहेर येतील.’ (पायरी म्हणजे प्लगचा आणि भोकाचा व्यास मध्येच एकदम बदलायचा, म्हणजे फट सरळ न जाता बाजूला सरकते.)

मी हिशेब केला. त्या कड्यासारख्या फटीचं क्षेत्रफळ भोकाच्या तोंडाच्या जेमतेम ५ टक्के भरतं. बाकीच्या भिंतीशी तुलना केली तर नगण्यच. शिवाय न्यूट्रॉन सगळ्या दिशांना उधळलेले असतात, २ मीटर लांब आणि ४ मिमी रुंद फटीत ते भिंतींवर आपटून संपणार नाहीत का? आणि फटच नको असेल तर प्लग अगदी घट्ट का बसवू नये? एक सहकारी म्हणतो, पायऱ्या सोड, प्लगला कॅडमियमचा पत्रा गुंडाळ, कॅडमियम न्यूट्रॉन खातं.

मला नुसत्या पायऱ्या काढून मोकळं व्हायचं नाही. त्या का हव्यात, कुठे हव्यात, किती मोठ्या हव्यात, हे समजून काढायच्या आहेत.

---

मोजपट्टी

मी २७ वर्षं विकिरण सर्वेक्षणात काढली. हातात मोजयंत्र घेऊन अशाच भिंतींच्या बाहेरून फिरायचं, हेच माझं काम होतं. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. उत्तर लांबेल.

तुम्ही फटीला क्षेत्रफळाने मोजताय. तिची लांबी आणि तिचा सरळपणा मोजा.

साध्या काँक्रीटमध्ये विखंडनातून, म्हणजे अणुकेंद्रक फुटताना, निघालेले वेगवान न्यूट्रॉन दर ११ सेंटिमीटरला साधारण पावणेतीन पटीने कमी होतात. २ मीटरमध्ये असे अठरा टप्पे होतात. गुणाकार करून बघा : आत असलेल्यांपैकी काही कोटींत एक बाहेर पोचतो. भिंत एवढी जाड बांधतात ती यासाठीच.

आता फट. प्लगच्या बाहेरच्या टोकाशी फटीला डोळा लावला आहे असं समजा. आतल्या टोकाचा किती तुकडा दिसेल? रुंदी ४ मिमी, आणि फट गोल वळत जात असल्यामुळे आडवा सहा-सात सेंटिमीटर. डोळ्याला जेवढं दिसतं तेवढ्या भागातून न्यूट्रॉन एकदाही कशाला न धडकता थेट येतो. त्या तुकड्याचं क्षेत्रफळ २ मीटरच्या वर्गाने भागा, सगळ्या दिशांचा वाटा काढा, तर प्रमाण येतं साधारण लाखात एक. कोटींत एक कुठे आणि लाखात एक कुठे! फटीच्या तोंडाशी न्यूट्रॉनचा मारा शेजारच्या भरीव काँक्रीटबाहेर असतो त्याच्या काही शेकडो पट झाला. हा हिशेब ढोबळ आहे. शिवाय भिंतींवर आपटून पुढे सरकणारे न्यूट्रॉन त्यात धरलेलेच नाहीत. ते तुम्ही समजता तसे आपटून संपत नाहीत, काँक्रीट त्यांतले बरेच परत फटीत टोलवतं.

भरीव भिंतीत जाडी वाढवली की घट गुणाकाराने होते. गोल भोकात ती फक्त अंतराच्या वर्गाने होते. आणि फट लांब, सपाट असेल, म्हणजे दोन ठोकळ्यांमधल्या सांध्यासारखी, तर नुसत्या अंतराच्या पटीत. म्हणून भिंत जितकी जाड, तितकी तिच्यातली सरळ फट तुलनेने जास्त घातक. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं.

घट्ट का नाही? काही ठिकाणी घट्ट बसवता येतंही, पण उष्णता मध्ये येते. भट्टीचा गाभा ठेवलेलं ४ मीटर व्यासाचं पोलादी पात्र २५० अंशांनी तापलं तर त्याचा व्यास सुमारे १२ मिमीने वाढतो. त्या वाढीला जागा ठेवावीच लागते, आणि ती जागा म्हणजे पात्राभोवतीची उभी, उंच फट. दाबाखालच्या पाण्याच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये पात्र आणि काँक्रीट यांच्यामधल्या पोकळीतून न्यूट्रॉन वर चढून माथ्यावरच्या मजल्यापर्यंत पोचतात. त्यांना अडवायला तिथे हायड्रोजनयुक्त पदार्थांची कडी बसवतात, कुठे पाण्याच्या पिशव्या ठेवतात. तुमचा प्लग थंड असेलही, पण तो काढायचा-घालायचा आहे. ०.१ मिमीच्या फरकाने बसवलेला २ मीटरचा प्लग एकदा अडकला की तो सोडवायला माणसं त्या भोकासमोर तासन्‌तास उभी राहतात. विकिरणाचा डोस तिथेच मिळतो.

तेव्हा फट राहणार हे धरूनच चला. आरपार एकही सरळ रेषा काढता येणार नाही, एवढं पाहायचं. पायरी त्यासाठी.

पायरी किती? फटीपेक्षा मोठी, हे उघडच. पण तुमचा प्लग आडवा आहे. तो भोकाच्या मध्यावर तरंगणार नाही, खाली टेकणार. खालची फट शून्य, वरची ८ मिमी. पायरीचा हिशेब ८ वर करायचा, ४ वर नाही. ही चूक मी दोन वेगवेगळ्या आरेखनांत पाहिली आहे आणि दोन्ही वेळा गळती घड्याळातल्या बाराच्या जागीच सापडली. मी तरी ८ मिमीच्या फटीला २५ मिमीपेक्षा लहान पायरी मान्य करणार नाही.

पायरी कुठे? एकच असेल तर मधोमध. बाहेरच्या तोंडापासून २० सेंटिमीटरवर ठेवली असं समजा. आतल्या फटीतून सरळ आलेला न्यूट्रॉन पायरीच्या काठावर आदळतो, पण त्याच्यापुढे काँक्रीट उरतं फक्त २० सेंटिमीटर. तेवढ्यात जेमतेम सहा पटीने घट होते. आतल्या तोंडाजवळ ठेवली तरी तेच होतं : २० सेंटिमीटर पार करून न्यूट्रॉन बाहेरच्या लांब फटीत शिरतो आणि पुढे रस्ता मोकळा. मधोमध ठेवली की दोन्हीकडे एकेक मीटर भरीव उरतं. दोन पायऱ्या असतील तर तीन सारखे भाग. जाड भाग बाहेरच्या बाजूला, नाहीतर प्लग आत जाणारच नाही.

कवचाकडेही लक्ष द्या. पोलाद म्हणजे पोलाद, त्यातून कसला न्यूट्रॉन जातो, असं वाटतं. पण साधारण २४ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनना लोखंड जवळजवळ दिसतच नाही, त्या ऊर्जेला लोखंडात खिडकी आहे. कवचाची आणि भोकातल्या पोलादी अस्तराची सलग, सरळ नळी हीसुद्धा त्यांच्यासाठी फटच. पायरीला अस्तरही पायरीनेच वळलं पाहिजे.

कॅडमियमबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते.

---

मोजपट्टी

कॅडमियम न्यूट्रॉन खातं हे खरं, पण मंद झालेले. साधारण अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर त्याची भूक एकदम संपते. विखंडनातला न्यूट्रॉन सरासरी २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे त्या मर्यादेच्या ४० लाख पट. फटीतून सरळ येणाऱ्याला तुमच्या सहकाऱ्याचा पत्रा अडवणार नाही.

आधी त्याला दमवावं लागतं. त्यासाठी हायड्रोजनसारखं दुसरं काही नाही, कारण त्याचं केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचं. हायड्रोजनवर सरासरी अठरा टकरींत तो खोलीच्या तापमानाइतका मंद होतो. कार्बनवर शंभरच्या वर टकरी लागतात, लोखंडावर नुसत्या टोलवाटोलवीने पाचशेच्या आसपास. म्हणून पाणी, पॉलिथिलीन आणि काँक्रीट (काँक्रीटचा निम्मा गुण त्यातल्या पाण्याचाच आहे).

पायऱ्या असतील तर मात्र तुमच्या सहकाऱ्याच्या सुचवणीला जागा आहे. वळणावर आपटून पुढे सरकणारे न्यूट्रॉन बहुतांश मंद झालेले असतात. पायरीच्या पुढच्या भागात फटीच्या भिंतीला शोषक लावला तर त्याचा खरोखर उपयोग होतो. मी तिथे कॅडमियमऐवजी बोरॉन सुचवेन. हायड्रोजन न्यूट्रॉन पकडतो तेव्हा २.२ एमईव्हीचा (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) गॅमा किरण सोडतो, लोखंड साडेसात एमईव्हीच्या वरचाही सोडतं, कॅडमियमचे गॅमाही जोरकस असतात. बोरॉन-१० मात्र न्यूट्रॉन गिळून अल्फा कण आणि लिथियम देतो, सोबतचा गॅमा जेमतेम ०.४८ एमईव्हीचा. न्यूट्रॉन थांबवताना नवा गॅमा उभा करायचा नसेल तर बोरॉन बरा.

आता माझा एक अनुभव, कारण तुमच्या वरिष्ठांची ती एक ओळ मला फार जवळची वाटली.

एका भट्टीवर दुरुस्तीनंतर संरक्षक ठोकळे परत रचले होते. दोन थर, पुढच्या थराचा सांधा मागच्या थराच्या ठोकळ्यावर यावा अशी मूळ रचना. गवंडी विटा रचताना करतो तीच सांधेमोड. भट्टी थोड्या शक्तीवर आणली, मी गॅमाचं मोजमाप घेतलं. सगळं नेहमीसारखं. मग न्यूट्रॉनचं यंत्र घेतलं. हे म्हणजे पॉलिथिलीनचा मोठा गोळा आणि त्याच्या पोटात मोजनळी, आठ-दहा किलोचं ओझं. एका कोपऱ्यात आकडा नेहमीच्या तिप्पट. तिप्पट म्हणजे घाबरण्याजोगा नव्हता, कामाच्या मर्यादेच्या आत होता. सोबतचे म्हणाले, नोंद कर आणि पुढे चल.

मला खटकलं ते हे की गोळा हातभर बाजूला नेला की आकडा लगेच खाली यायचा. भिंतीतून झिरपणारे न्यूट्रॉन असे वागत नाहीत, ते पसरट असतात. आणि गोळा २५ सेंटिमीटरचा. ५ मिमीचा झोत त्याच्यावर पडला तर गोळ्याचा फार थोडा भाग उजळतो, आणि यंत्र मात्र संपूर्ण गोळा न्हाऊन निघाल्यासारखा आकडा दाखवतं. म्हणजे झोताच्या आतला खरा डोस आकड्यापेक्षा बराच जास्त असणार. मी नुसती बारीक मोजनळी घेतली, तिच्यावर पॉलिथिलीनचं पातळ वेष्टण घातलं आणि गुडघ्याच्या उंचीवर बोटाबोटाने सरकवत गेले. एका उभ्या रेघेवर मोजणी एकदम उसळली, दोन बोटं पुढे पुन्हा खाली. पुढच्या थरातला एक ठोकळा शेजारच्याशी अदलाबदल होऊन बसला होता. दोघांची रुंदी १५ सेंटिमीटरने वेगळी. त्या फरकामुळे दोन्ही थरांचे सांधे एका रेषेत आले होते.

भट्टी बंद केली, ठोकळे बदलले, पुन्हा मोजलं, रेघ गेली. नंतर प्रत्येक ठोकळ्यावर क्रमांक आणि बाण रंगवले. ती जागा कुणाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नव्हती, पण तिथे एक स्टूल होतं. कुणीतरी कधीतरी बसत असणार. ते स्टूल मला अजून आठवतं.

---

रेती_खडी

मी स्थापत्यकडचा. मोजपट्टीताईंनी आरेखनातल्या फटींबद्दल लिहिलं, मी न काढलेल्या फटींबद्दल लिहितो. तुमच्या आरेखनावर त्या कधीच दिसणार नाहीत.

आडवी नळी काँक्रीटमध्ये गाडताना तिच्या पोटाखाली पोकळी राहते. काँक्रीट दोन्ही बाजूंनी येतं, मध्ये हवा अडकते, वर आलेलं पाणी तिथेच साचतं आणि वाळल्यावर चंद्रकोरीसारखी फट सोडून जातं. तुमच्या प्लगच्या भोकाचं अस्तर असंच गाडलं जाणार. ओतताना एकाच बाजूने भरत जायचं, दुसऱ्या बाजूने काँक्रीट वर आलेलं दिसेपर्यंत थांबायचं नाही. नंतर अस्तरावर हातोडीने वाजवून बघायचं. पोकळ आवाज आला तर ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, दाबून भरायचं.

जड काँक्रीट वापरणार असाल, बॅराइट किंवा मॅग्नेटाइट या जड खनिजांच्या खडीचं, तर जास्त जपा. खडी इतकी जड की व्हायब्रेटर थोडा जास्त चालला तरी ती तळाला बसते आणि वर नुसता गारा उरतो. सरासरी घनता कागदावर बरोबर येते, पण भिंतीचा वरचा हात हलका राहतो.

एका दिवसाचं ओतकाम आणि दुसऱ्या दिवसाचं यांच्यामधला सांधा सपाट ठेवू नका. खाच ठेवा. तीही पायरीच.

आणि तापमान. ६५ अंशांच्या वर काँक्रीट सतत राहिलं तर त्यातलं पाणी हळूहळू जातं, आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे न्यूट्रॉनला अडवण्याचा बराच गुण त्या पाण्यात. जास्त तापणाऱ्या जागी सर्पेंटाइन खडी वापरतात, ती आपलं बांधलेलं पाणी काहीशे अंशांपर्यंत सोडत नाही.

प्लगमध्ये कोरडं भरण करायचं कुणी सुचवलं, वाळू किंवा पोलादी छर्रे, तर आडव्या प्लगला नको म्हणा. भरण वर्षभरात खाली बसतं आणि वरच्या बाजूला २ मीटर लांबीची सपाट पोकळी तयार होते. पुन्हा घड्याळातले बारा.

---

यादृच्छिक_वाट

गणनेच्या बाजूने थोडंच. कुणी तुम्हाला म्हणेल, आम्ही माँटे कार्लोने (संगणकात एकेक न्यूट्रॉन सोडून त्याची यादृच्छिक वाट मोजायची पद्धत) तपासलं, फटीचा काही परिणाम नाही. तेव्हा पहिला प्रश्न विचारा : प्रतिमानात फट फट म्हणूनच काढली आहे का? वेळ वाचवायला फटीसकट प्लगचं काँक्रीट एकजीव धरतात आणि घनता ५ टक्क्यांनी कमी करतात. वस्तुमान बरोबर जुळतं, पण सरळ रस्ता गायब होतो. उत्तर सुरेख येतं आणि चुकीचं असतं.

दुसरं, फट काढली तरी नमुन्यासाठी सोडलेल्या न्यूट्रॉनपैकी लाखात एक तिच्यातून जाणार आणि कोटींत एक भिंतीतून. नुसते सोडत राहिलात तर बाहेर दहा-वीस मोजले जातील आणि त्या आकड्याला अर्थ राहणार नाही. बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या प्रत्येकाचे अनेक वाटे करून एकेका वाट्याला तेवढं कमी वजन द्यावं लागतं. ते नीट केलंय की नाही, हे सांख्यिक त्रुटीचा आकडा मागितल्याशिवाय कळत नाही. आणि प्लग खाली टेकलेला धरा, मधोमध नको. ताईंचा तो मुद्दा मी माझ्या वहीत लिहून ठेवला.

---

उभा_छेद

मोजपट्टीताई, रेती_खडी, यादृच्छिक_वाट, तुम्ही तिघांनी जे दिलंत ते मला कुठल्याच पुस्तकात एका जागी मिळालं नव्हतं.

नवीन आरेखन केलं. मधोमध एक पायरी, ३० मिमीची. अस्तरालाही पायरी. पुढच्या अर्ध्या भागात बोरॉनयुक्त अस्तर. आणि ताईंचं वाचून आख्ख्या प्लगवर पट्टी ठेवून आरपार सरळ रेषा निघते का ते बघत गेलो. एक निघाली. तापमान मोजायच्या तारांसाठी प्लगच्या बरोबर मध्यातून १२ मिमी आतल्या व्यासाची सरळ नळी, २ मीटर लांब. ती माझ्या आरेखनात नव्हतीच, उपकरण विभागाच्या वेगळ्या कागदावर होती. दोन्ही कागद एकावर एक ठेवल्यावर दिसली. तारा तर बाहेर आणाव्याच लागतील. काय करू?

---

मोजपट्टी

नळी वळवा. तार वळते, न्यूट्रॉन स्वतःहून वळत नाही.

प्लगच्या अक्षाभोवती तिला मळसूत्रासारखी फिरवा. ६ सेंटिमीटर त्रिज्येचा वेढा, दर मीटरला एक, म्हणजे २ मीटरमध्ये दोन वेढे. वेढा एवढा सैल की तार सहज ओवता येते. तरी हिशेब केला तर १२ मिमीच्या नळीत न्यूट्रॉनला सलग सरळ रस्ता मिळतो तो फक्त २१-२२ सेंटिमीटरचा, मग भिंत. दोन मीटरमध्ये त्याला अशा अनेक टकरी घ्याव्या लागतील. काँक्रीट भरताना नळीच्या पोटाखालची पोकळी विसरू नका, मळसूत्राला पोट प्रत्येक वेढ्यात आहे. प्लग उभा करून भरला तर ते सोपं जाईल.

तार ओवल्यावर दोन्ही टोकांना बोरॉन मिसळलेलं सिलिकोन भरा. आणि उचलायच्या कड्यांची आट्यांची भोकं बाहेरच्या तोंडात किती खोल आहेत तेही त्याच पट्टीने बघा. ती पायरीच्या फटीच्या रेषेत येऊ देऊ नका.

पहिल्यांदा भट्टी चालू कराल तेव्हा पूर्ण शक्तीवर न्यायच्या आधी, अगदी थोड्या शक्तीवर, बारीक नळीने प्लगच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारायला सांगा. सुरुवात बाराच्या जागेपासून. तिथे काय सापडलं ते इथे लिहा, मी वाट बघेन.